ताटास हात लावण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. आहार पर्यवेक्षण अधिकारी,
शालेय आरोग्य व आहार कक्ष,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे
(उजवीकडचे दार कायम बंद असते).

विषय : इयत्ता तिसरीतील विद्यार्थिनीचे ताट गेले एकशे बारा दिवस 'विचाराधीन' असल्याने ते निकाली काढणे, तसेच तिच्या आईस बजावलेली निष्काळजीपणाची नोटीस मागे घेणे याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे सूचनापत्रक 'गृह-विलगीकरणातील विद्यार्थी : आहार नोंद', सूचना क्र. १ ते ११.
२) आपली नोटीस, या महिन्याच्या चार तारखेची, आईच्या नावे.
३) माझी तीन स्मरणपत्रे, ज्यांचे आपणास स्मरण नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सादर कळवण्यात येते की माझी बहीण जेवत नाही.

अर्जात मूळ मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात यावा अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. मी आपल्या कार्यालयासमोरच्याच टंकलेखन व झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे आणि आपल्या टेबलावर येणाऱ्या दहा अर्जांपैकी सहा माझ्या हातचे असतात. परंतु तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आपण पोहोचत नाही, हेही मला त्याच अनुभवावरून ठाऊक आहे. म्हणून मुद्दा वर घेतला आहे. याउपर आपण वाचले नाही तरी तो आपणास कळला आहे, असे मी धरून चालतो.

१. आपल्या नोंदीनुसार आमच्या घरात तीन माणसे आहेत. आई 'पालक-१', मी 'पालक-२' आणि बहीण 'लाभार्थी'. लाभ काय झाला ते पुढे येईल. बहिणीला घरी ढब्बू म्हणतात. साथ सुरू झाली तेव्हा तिचे वजन चोवीस किलो होते आणि ते नाव तिला शोभत होते. आज ती साडेएकोणीस किलोची आहे. वर्षभरात उंची चार बोटे वाढली आणि वजन साडेचार किलो घटले, असे वाढते मूल आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसते ते कळावे. आम्ही तिला अजून ढब्बूच म्हणतो, पण हल्ली हाक मारताना जीभ अडखळते.

२. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. साथीच्या काळात डॉक्टरांसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या चादरींपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्या चादरी उकळणे, पिळणे, वाळवणे हे काम आईचे. ती घरी आली तर रोग घेऊन येईल म्हणून ती तिथेच, साबणाच्या पोत्यांच्या खोलीत राहू लागली, आणि आमच्या दारावर विलगीकरणाचा पिवळा कागद चिकटला. दर रविवारी ती आमच्या खिडकीखाली, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची आणि वर बघून एकच प्रश्न विचारायची, "जेवलात का रे?" आम्ही वरून "हो" म्हणायचो. मग ती परत चादरींकडे. या बाईवर आपण निष्काळजीपणाची नोटीस काढली आहे. शब्द आपलेच आहेत : 'पालक-१ यांनी पाल्याच्या पोषणाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केल्याचे दिसून येते.' दिसून कोणाला येते, महोदय? दुसऱ्या मजल्यावरून, जिन्याच्या डावीकडून?

३. आता आपले सूचनापत्रक. घरी बसून मुले अबरचबर खातात, अवेळी खातात, दिवसभर खातात, अशा बातम्या आल्या आणि आपल्या कक्षास जाग आली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. नरकाची पायाभरणीही चांगल्याच हेतूने झाली असावी. ठरले असे की प्रत्येक विद्यार्थ्याने तिन्ही वेळच्या ताटाचा फोटो ॲपवर टाकायचा आणि 'मान्य' किंवा 'अमान्य' असा शेरा यायचा. आणि सूचना क्र. ७ : 'छायाचित्रास मान्यता प्राप्त होईपर्यंत विद्यार्थ्याने ताटास हात लावू नये.'

मी वर्गशिक्षिका बाईंना फोन करून विचारले की हे काय आहे. बाईंच्या वर्गात बासष्ट मुले, म्हणजे दिवसाला एकशे शहाऐंशी ताटे. त्यांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, पोरं आधी खातात आणि मग रिकामं ताट पाठवतात. वरून साहेब विचारतात, यात होतं काय? मी काय सांगू, पोटात गेलं, तिथं जाऊन बघा?" बाईंचा दोष नाही. त्या होत्या तोवर शेरा दोन मिनिटांत येई. त्या ताट न बघताच 'मान्य' दाबत असाव्यात असा मला दाट संशय आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

४. पुढे ही तपासणी आपल्या कक्षाकडे गेली आणि आमचे घोडे अडले. 'ताट मध्यभागी नाही.' अमान्य. 'पेला डावीकडे आहे.' अमान्य. 'ताटात दोन अंडी दिसतात. एक विद्यार्थिनीचे, दुसरे कोणाचे, याचा खुलासा करावा.' दुसरे माझे होते, महोदय. घरात ताट एकच मोठे, त्यात आम्ही दोघे जेवायचो. मी तीन प्रतींत खुलासा पाठवला. खुलासा मान्य झाला, तोवर अंडे टाकून द्यावे लागले.

शेऱ्याला आधी अर्धा तास लागे, मग चार तास. एका गुरुवारचा नाश्ता शनिवारी मान्य झाला. सोबत शेरा होता : 'सावकाश चावून खावे.' दोन दिवसांचा पाव कोणालाही सावकाशच चावावा लागतो, तो भाग वेगळा.

५. या काळात एकदाच आमचे ताट तत्काळ मान्य झाले. त्याची हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिचा पुरावा आपल्याच कार्यालयात टांगलेला आहे. 'ताटात हिरव्या रंगाचा अभाव' असा शेरा सलग पाच दिवस येत होता. दारावर पिवळा कागद. बाहेर जाता येईना. वरच्या मजल्यावरच्या काकू दोरीला टोपली बांधून जे सोडतील ते आम्ही खायचो, आणि त्या आठवड्यात त्या बटाटे सोडत होत्या. मी वैतागून ढब्बूचा हिरवा कंगवा भातावर आडवा ठेवला आणि फोटो पाठवला. चार मिनिटांत उत्तर आले : 'मान्य. उत्तम. पालेभाजीचे प्रमाण असेच वाढवावे.' दुसऱ्या दिवशी मी दोन कंगवे ठेवले. त्या महिन्यात आम्हाला 'आदर्श ताट' हे प्रशस्तिपत्र मिळाले. तो फोटो मोठा करून आपण व्हरांड्यात पाण्याच्या यंत्राशेजारी लावला आहे आणि कंगव्यापाशी बाण काढून 'पालेभाजी' असे लिहिले आहे. पाणी प्यायला जाल तेव्हा कृपया जवळून पाहावे. दाते मोजता येतात.

शितावरून भाताची परीक्षा करतात असे ऐकले होते. आपण कंगव्यावरून केली.

६. इथवर मला हसू येत होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ते माझे चुकले. मी वीस वर्षांचा आहे, मला शेरे म्हणजे गंमत वाटत होती आणि मी ते मित्रांना फोनवर वाचून दाखवत होतो. ढब्बू आठ वर्षांची आहे. ती ताटासमोर हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसायची आणि मोबाइलकडे बघत राहायची. भात निवायचा, त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा. मी म्हणायचो, "खा गं, कोण बघतंय?" ती म्हणायची, "साहेब बघतात." मी म्हणायचो, "साहेब ताट बघतात, तुला नाही." त्यावर ती म्हणायची, "मग ताटाला हात नको ना लावायला." या युक्तिवादाचे खंडन आपल्याकडे असल्यास कळवावे.

७. एका शुक्रवारी तिला फार भूक लागली. मी अंघोळीला गेलो असताना तिने शेरा येण्याआधी भाताचा एक घास खाल्ला. आधी पाठवलेला फोटो हलला होता, म्हणून बाहेर आल्यावर मी, घासाची कल्पना नसल्याने, तिला तो परत काढायला सांगितले. परत काढलेला फोटो गेला. शेरा आला : 'अमान्य. ताटात एक घास कमी आढळतो. असे पुन्हा घडू नये. परिणाम गंभीर होतील.'

दोन दिवसांनी रविवार होता. आई खिडकीखाली आली नाही.

महोदय, आईला ताप भरला होता. ती एकोणीस दिवस त्याच रुग्णालयात, बहुधा स्वतःच धुतलेल्या चादरीवर पडून होती. त्यात आपल्या कक्षाचा काही हात नाही, हे मी समजू शकतो. मी वीस वर्षांचा आहे. ढब्बूने मात्र शुक्रवारचा घास आणि रविवारी टाकीजवळची रिकामी जागा यांचा हिशेब एकटीने जुळवला आणि कोणालाही सांगितला नाही. परिणाम गंभीर होतील असे साहेबांनी लिहिले होते, आणि ते झाले. साहेबांचे आजवर इतके अचूक ठरलेले हे एकमेव विधान असावे.

८. आई बरी झाली, घरी आली, कामावरही गेली. शाळा उघडली. पिवळा कागद मी नखाने खरवडून काढला. ज्या दिवशी शाळा उघडली त्या दिवशी आपण ॲप बंद केले, पण ढब्बूचे त्या सकाळचे ताट त्यात अडकून राहिले. मोबाइल उघडला की आजही तेच दिसते : 'आपले ताट प्राप्त झाले आहे. विचाराधीन.' दोन पाव, अर्धे केळे, दूध. त्यास आज एकशे बारा दिवस झाले. विचारवंतांनीही एका केळ्यावर इतका विचार केला नसेल.

त्या दिवसापासून ती ताटात वाढलेले काही खात नाही. सूचना ताटाबद्दल आहे, म्हणून ती पुड्यातून बिस्किट खाते, दाराआड उभी राहून गाजर खाते, पातेल्याच्या झाकणावरचा भात बोटाने पुसून खाते. आई पुढ्यात बसून भरवायला लागली तर दात आवळून बसते. शाळेत दुपारचे जेवण ताटात मिळते. तिथे ती हाताची घडी घालून बसते आणि घंटा झाली की ताट तसेच परत देते. गेल्या महिन्यात कवायतीत चक्कर येऊन पडली. शाळेने वर कळवले की मुलगी घरून उपाशी येते. वर म्हणजे आपण. आपण खाली नोटीस पाठवली, सुनावणीस हजर राहण्याच्या हुकुमासह. खाली म्हणजे आई.

९. मी हातपाय हलवले नाहीत असे समजू नये. वर्गशिक्षिका बाई घरी येऊन गेल्या. त्यांनी तिला जवळ घेतले, "माझं ऐक, मी सांगते, जेव." ढब्बूने नम्रपणे विचारले, "पण बाई, आता तपासणी तुमच्याकडे नाही ना?" बाई जिना उतरताना डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी भूक वाढवायचे औषध दिले. भूक तिला भरपूर आहे, महोदय. तिची कमतरता कधीच नव्हती.

शेवटी मी दुकानात बसून आपल्या कक्षाच्या नावाने एक मान्यतापत्र टंकित केले, खाली वळणदार सही ठोकली आणि बाटलीच्या बुचाने गोल शिक्का उठवला. शासकीय दस्तऐवज बनावट करणे हा गुन्हा आहे, याची मला कल्पना आहे आणि मी तो येथे कबूल करतो. त्याची वेगळी नोटीस काढावी, ती मात्र माझ्या नावे. पण गुन्हा फळला नाही. ही मुलगी दोन वर्षे माझ्या दुकानात स्टुलावर बसून अभ्यास करते. तिने कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "दादा, जावक क्रमांक कुठाय?" मी म्हटले, राहिला असेल. त्यावर ती पहिल्यांदा रडली आणि तेव्हाच शुक्रवारची सगळी हकीकत बाहेर आली. म्हणाली, "खोटी मान्यता चालवली ना, तर आईला खरा ताप येईल."

१०. महोदय, मी रोज लोकांचे अर्ज टंकित करतो. सातबाऱ्याचे पिढीजात तंटे, बदल्या, पेन्शनी, गळकी छपरे, सगळ्यांना मी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे शेवटी लावून देतो, कारण तशी रीत आहे. या अर्जात मला सहानुभूती नको. विचार तर मुळीच नको, एकशे बारा दिवस तोच चालू आहे. मला शिक्का हवा.

आपण एक ओळ लिहून विसरून गेलात. आपल्या लेखी ते पत्रक निकाली निघाले, फाइल बांधली गेली, अहवालात 'उपक्रम यशस्वी' असे आले. ती ओळ एका पोरीने पाळली. ज्या कार्यालयाचे कोणी काही ऐकत नाही म्हणून आपण बैठकांमध्ये तक्रार करता, त्या कार्यालयाचे अक्षरशः पालन करणारी एकमेव नागरिक साडेएकोणीस किलोची आहे, आणि तिच्या आईला आपण सुनावणीस बोलावले आहे.

सबब विनंती की,
(अ) सूचना क्र. ७ रद्द झाल्याचे लेखी कळवावे.
(आ) विचाराधीन ताट (दोन पाव, अर्धे केळे, दूध) मान्य करावे. केळ्याचे आता काय झाले असेल हा प्रश्न उपस्थित करू नये.
(इ) यापुढील सर्व ताटे, आयुष्यभराची, आगाऊ मान्य करावीत.
(ई) विद्यार्थिनीने शुक्रवारी खाल्लेल्या एका घासाचा आणि तिच्या आईच्या तापाचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता, असे आपल्या सहीने, गोल शिक्क्याने आणि जावक क्रमांकासह प्रमाणित करावे. इतर मागण्या फेटाळायच्या असल्यास फेटाळा. ही फेटाळू नका.
(उ) नोटीस मागे घ्यावी. आईला ती मी अजून दाखवलेली नाही. ती अजूनही घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारते, "जेवलात का रे?" आणि ढब्बू "हो" म्हणते. शुक्रवारनंतर ती आईशी बोललेले हे एकच खोटे आहे.

पत्र टपालाने पाठवू नये. टपालाला नऊ दिवस लागतात. आम्ही इथेच आहोत.

आपला, नम्र राहण्याचा शेवटचा प्रयत्न करणारा,

(सही)
पालक-२
दि. १९, मंगळवार, दुपारी १२.५०

सोबत :
१. सूचनापत्रकाची छायांकित प्रत (सूचना क्र. ७ अधोरेखित).
२. मोबाइलच्या पडद्याची प्रत, 'विचाराधीन'.
३. बनावट मान्यतापत्र, मूळ. (बूच मागितल्यास हजर करू.)
४. ताट, एक. भात, डाळ, एक अंडे. पेला उजवीकडे ठेवला आहे. गरम आहे, विलंब होऊ नये.
५. बहीण, एक. मूळ प्रत. छायांकित प्रत उपलब्ध नाही. आवक-जावक खिडकीसमोरील बाकावर बसवली आहे.

ता.क. : हा मजकूर पेनाने लिहीत आहे, क्षमस्व. अर्ज खिडकीवर दिला असता तेथील काकांनी तो घेतला, आवक शिक्का मारला आणि सांगितले, "साहेब जेवायला गेलेत. तासभर लागेल." बहिणीने बाकावरून विचारले, "त्यांना कोणी मान्य केलं?" काकांनी आधी माझ्याकडे, मग तिच्या ताटाकडे पाहिले. ते म्हणाले, "बाळ, तू खाऊन घे, मी सांगतो साहेबांना." तिने शिक्का बघितला आणि म्हणाली, "हा आवकचा आहे, काका. मला जावकचा लागतो."

काकांनी स्वतःचा डबा नुकताच उघडला होता. तो त्यांनी पुन्हा झाकून बाजूला ठेवला आहे आणि खिडकीतून बाहेर येऊन ते बाकावर तिच्या शेजारी बसले आहेत. त्यांना मधुमेह आहे असे ते म्हणतात. लवकर यावे.